चौथ्या रोलरचा फोटो

"वकीलबाई, ती जाळी तिथे नव्हतीच कधी! मग फोटोत कशी आली?"

फोनवर घडीवाली होती. एका मोठ्या लाँड्रीत तिची नऊ वर्षं गेली होती. चादरींच्या घड्या तिच्याइतक्या झटपट कुणाच्या होत नसत, म्हणून हे नाव. दीड महिन्यापूर्वी इस्त्रीच्या चौथ्या रोलरने तिचा उजवा हात आत ओढून घेतला. तीन बोटं गेली.

नुकसानभरपाईच्या दाव्याला कंपनीचं उत्तर आज आलं होतं. रोलरपुढे लोखंडी जाळी होती. चादर अडकली की मूठ धरून ती उचलायची, मशीन आपोआप थांबतं. पण काम लवकर उरकावं म्हणून बाईंनी स्वतःच ती काढली, असं कंपनी म्हणत होती. पुरावा म्हणून अपघाताच्याच सकाळी आठ वाजता, तपासणीच्या वेळी काढलेला फोटो जोडला होता. त्यात जाळी जागच्या जागी होती.

सुनावणी परवा होती. फोटो टिकला तर दावा गेला, दावा गेला की हाताचं दुसरं ऑपरेशन गेलं. वर 'स्वतःच्या निष्काळजीपणाने' हा शिक्का जन्मभराचा. कंपनीने दया दाखवावी तशी तडजोडही सुचवली होती: चूक माझीच, असं लिहून द्या आणि थोडंफार घेऊन मोकळ्या व्हा.

"सही करू नका. मी येते," वकीलबाई म्हणाल्या. चोर तो चोर, वर शिरजोर, असल्या माणसांसाठी त्यांच्याकडे भरपूर वेळ असे.

घडीवालीच्या घरी आधीच एक पाहुणा होता. लाँड्रीचा मुकादम, फळांची पिशवी घेऊन.

"दर आठवड्याला येतात हो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात."

"ताई माझ्या हाताखाली वाढल्यात," मुकादम म्हणाला. "म्हणूनच सांगतो, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तडजोड घ्या."

"मी आता पाण्यात नाही, मुकादमभाऊ," घडीवाली म्हणाली. "मला बाहेर फेकलंय."

वकीलबाईंनी विचारलं, "त्या रोलरची खोली आता कुठल्या अवस्थेत आहे?"

"जशीच्या तशी! ताईंना बाहेर काढलं आणि पाच मिनिटांत मी कुलूप लावलं. किल्ली एकच, ही बघा, कंबरेला. चौकशी व्हायची ना, म्हणून मालकांनासुद्धा आत सोडलं नाही."

मुकादम गेल्यावर घडीवालीने चहा ठेवला. किटलीच्या मुठीला तिने डाव्या हाताने आणि दातांनी एक चिंधी घट्ट बांधली.

"किटलीला लाकडी मूठ आहे की," वकीलबाई म्हणाल्या.

"सवय. तिथे वाफेने सगळं लोखंड तापतं. नवी बाई आली की पहिल्या दिवशी आधी मुठी बांधते, मग कामाला लागते. नाहीतर संध्याकाळपर्यंत हाताला फोड."

तेवढ्यात सासूबाईंनी कपाटातून एक जाड कापड आणलं. "रोलरवरचं हे कापड बायकांनी कात्रीने कापलं, तेव्हा हिचा हात सुटला. त्यातच गुंडाळून दवाखान्यात नेला. चार वेळा धुतलं. रक्त गेलं, पण हा तपकिरी डाग काही जाईना."

"टाकून का नाही दिलंत?"

"माझ्या सुनेचं रक्त सांडलंय त्यावर. टाकेन कशी?"

वकीलबाईंनी कापड नाकाशी नेलं. मग फोटो चष्म्याजवळ धरला. लिव्हरला चिंधी, खणाच्या मुठीला चिंधी, वाफेच्या नळाला चिंधी. रोलरवर पांढरंशुभ्र कापड. पुढे जाळी आणि तिची चकचकीत मूठ.

त्या हसल्या.

"हे कापड मला द्या. आणि मुकादम साक्षीला येणार असतील तर येऊ द्या. आपण अजिबात हरकत घ्यायची नाही."

सुनावणीच्या दिवशी दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खोलीत सगळे जमले. कंपनीच्या वकिलांनी मुकादमाला पुढे केलं. मग वकीलबाई उठल्या.

"फोटो कुणी काढला?"

"मीच. अपघाताच्या दिवशी, सकाळी आठला."

"अपघात?"

"अकराला."

"मधल्या तीन तासांत रोलरवरचं कापड बदललं?"

"नाही. फोटोत आहे तेच होतं."

"आणि नंतर खोलीत कोणी गेलं?"

"कोणी नाही. किल्ली माझ्याकडेच असते."

"आभारी आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि कापड टेबलावर पसरलं. "साहेब, दवाखान्याच्या कागदावर या कापडाची नोंद आहे. याच्यावर हा तळहाताएवढा डाग आहे. घरच्यांना तो रक्ताचा वाटला. पण रक्त धुतल्यावर गेलं. हा करपल्याचा डाग आहे, वास घेऊन पाहा. कापडाच्या चारही थरांतून आरपार गेलाय. याला महिने लागतात. तीन तासांत कापड असं करपत असतं, तर लाँड्रीने रोज नवं कापड घातलं असतं. आता फोटो पाहा."

अधिकाऱ्यांनी पाहिला. फोटोतल्या कापडावर ठिपकासुद्धा नव्हता.

"म्हणजे हा फोटो जुनं कापड कापल्यानंतरचा आहे. कॅमेऱ्याची तारीख मागे नेणं काही अवघड नाही. आणि अपघातानंतर त्या खोलीत जाऊ शकणारा माणूस एकच. त्याने आत्ताच आपल्या तोंडाने सांगितलं."

कंपनीचे वकील उठले. "कापड नंतर बदललं असेल. पण जाळी आधी नव्हती, हे कशावरून?"

"मुठीवरून. या मशीनच्या प्रत्येक मुठीला चिंधी आहे. जाळीची मूठ मात्र उघडी. दिवसातून पन्नास वेळा जी तापलेली मूठ धरायची, तीच बांधायची राहिली? नऊ वर्षांत एकाही बाईला फोड आला नाही? ती मूठ कुणी कधी धरलीच नाही, साहेब. जाळी कुठेतरी बाजूला पडून होती. ती उचलली की मशीन थांबणार आणि काम रेंगाळणार, म्हणून मुकादमांनी ती कधी लावलीच नव्हती. अपघातानंतर त्यांनी नवं कापड चढवलं, जाळी लावली आणि फोटो काढला. बाईच्या हाताला काय लागतं, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं."

मुकादमाचा चेहरा पडला. "मशीन थांबलं की वरचा ओरडा मलाच बसायचा," तो पुटपुटला. "नोकरी माझी गेली असती."

"बोटं माझी गेली," घडीवाली म्हणाली.

सासूबाई उठल्या. "आणि ती फळं?"

"आम्ही कुठवर पोचलो ते बघायला येत होते, आई."

बाहेर कंपनीच्या वकिलांनी लगेच नवा कागद पुढे केला. ऑपरेशनसकट मागितलेली सगळी भरपाई मान्य. फक्त दोन्ही बाजूंनी वाद मिटवला, एवढी एक ओळ.

घडीवालीने ती ओळ दोनदा वाचली आणि कागद परत केला. "आधी लिहा, चूक माझी नव्हती. मशीन कंपनीने उघडं ठेवलं होतं. मग सही."

"बाई, तेवढ्यासाठी कशाला अडता?"

"तेवढ्यासाठीच तर आलेय."

वकीलबाई भिंतीला टेकून मजेत उभ्या होत्या. मदतीला बोलावलं असतं तर त्या गेल्या असत्या. कुणी बोलावलं नाही. अर्ध्या तासाने ते वाक्य लिहिलं गेलं, आणि खाली डाव्या हाताची वाकडीतिकडी सही झाली.

आठवड्याने लाँड्रीतल्या मैत्रिणीचा फोन आला. चारही रोलरना जाळ्या बसल्या होत्या. घडीवालीने एकच विचारलं.

"मुठी बांधल्यात का गं?"

"पहिल्याच दिवशी!"