खालच्या पाड्यातली मोजणी

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. नाशिकच्या वर, गोदेला मिळणाऱ्या एका नदीवर पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. त्याची धोक्याची श्रेणी ठरवायचं काम माझ्याकडे होतं. श्रेणी म्हणजे भिंत किती पक्की हे नव्हे. ती फुटलीच तर खाली किती माणसं वाहून जातील, हे. माझी पद्धत सोपी. भिंतीवर बसून भेळ खायची, खालच्या पाड्यातली छपरं मोजायची आणि पाचानं गुणायचं. त्या वर्षी नवा फॉर्म आला, त्यात माणसं नावानिशी लिहायची होती. साहेब म्हणाले, "आकडा बेतानं भर रे. वरची श्रेणी लागली की दरवर्षी तपासणी मागे लागते."

भर दुपारी खाली उतरलो. पाड्यात कोंबडंसुद्धा ओरडत नव्हतं. भिंतीतून झिरपणारं पाणी तेवढं ठिबकत होतं, आणि सगळीकडे शेवाळाचा ओला वास.

पहिल्याच घरी सरुबाई नागली पाखडत बसली होती.

"मावशी, घरातल्यांची नावं सांगा."

"मघाशीच नेली की तुमच्या मान्सानं लिहून. लय भिजलेला व्हता. केसातून पाणी गळत व्हतं."

वर आभाळ कोरडं ठाक. मी म्हटलं, "एवढ्या उन्हात भिजायला तो काय म्हैस आहे?"

ती हसली नाही. सूप खाली ठेवलं.

"आम्ही सात जणं. त्यानं सहाच लिवली. म्या बोलले, सून राह्यली, मैना, ती काय चुलीपाशी हाय. तर बोलला... ती त्या दिवशी माहेरी असंल."

"कोणत्या दिवशी?"

"ते नाय बोलला..."

मग घरोघरी फिरून एकूण एक माणूस लिहिला. एकशे तेरा. सगळ्यात वरची श्रेणी. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण कागद वर गेला आणि पावसाआधी पाडा टेकडीवर हलला.

पण त्या दुपारी निघताना सरुबाईनं मला मागून हाक मारली होती.

"भाऊ, तुमचं घर गंगेच्या काठाला हाय ना? तुमचीबी त्यानं लिवलीत. चार."

गंगा म्हणजे गोदाच, नाशिकला तिच्या काठावरच माझं घर. आम्ही पाच जण. मी, छाया, आई आणि दोन मुलं.

छायाला सगळं सांगितलं, घर बदलू म्हटलं. जन्मभर थापा मारल्याचं फळ असं मिळालं. ती म्हणाली, "मागच्या महिन्यात बिबट्या तुमच्या स्कूटरवर मागे बसला होता, आता हा ओला माणूस." आणि भाकरी थापत राहिली.

त्याला सात वर्षं झाली. पाचही जण घरात असलो तर त्याचा आकडा जुळणार नाही, म्हणून मी एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. लग्नाला नाही, मयतीला नाही. बायकोच्या पदराला बांधलेला म्हणून सगळं ऑफिस हसतं.

काल टेबलावर आदेश आला. नांदगावला दोन दिवस मुक्कामी प्रशिक्षण, उपस्थिती सक्तीची. मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी आदेश उलटसुलट पाहिला. आवक-जावक पाहणाऱ्या संध्याबाईंना बोलावलं. नांदगावला फोन लावला.

असा आदेश कुणीच काढलेला नाही.

खाली तारीख मात्र आहे. येत्या मंगळवारची.