व्हाल्मेरची रिकामी टाकी

"ओदिलबाई, टाकी रिकामी झाली हो! सगळीच्या सगळी!"

सकाळी आठला फेर्नां बास्तीदचा फोन आला आणि ओदिल सोरेलच्या हातातली कॉफी तशीच राहिली. लियाँमध्ये तिचं वाइनचं छोटं दुकान. नावाजलेल्या गावांकडे ती ढुंकूनही बघायची नाही. नकाशात भिंग लावून शोधावी लागतील अशी गावं हुडकायची, तिथला एखादा राबणारा बागायतदार गाठायचा आणि आठ युरोत अशी बाटली द्यायची, की गिऱ्हाईक तीस युरोवाली विसरलं पाहिजे! फेर्नां हा तिचाच शोध. त्याची वाइन डाळिंबाच्या रसासारखी फिकी लाल. मागच्या वर्षी दीड हजार बाटल्या बघता बघता संपल्या. यंदा तिने तीन हजार मागितल्या होत्या.

अकराला ती त्याच्या गावी, व्हाल्मेरला पोहोचली. गावात शिरताना फेर्नांचा खालचा मळा लागला. वेलींच्या काड्या खुरटलेल्या, काडीपेटीतल्या काड्यांएवढ्या बारीक. एप्रिलच्या हिमाने इथे चांगलाच तडाखा दिलेला दिसत होता.

फेर्नां दारातच उभा होता. मागे त्याची बायको मिरेय, डोळे सुजलेले.

"लेओंसला पोलिसांनी नेलं," तो म्हणाला. "शेळ्या राखतो तो. माझ्या वेलींचे कोंब खाल्ले म्हणून मी त्याची एक शेळी बडवली, तर कॅफेत सगळ्यांदेखत ओरडला, तुझी वाइन गटारात घालीन! घातलीनच मेल्याने."

"कधी झालं हे?"

"काल दुपारी. मी मयताला गेलो होतो. ही डोकं दुखतं म्हणून घरीच पडलेली."

"काही आवाज आला का, मिरेय?"

"नाही," मिरेय म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती.

"लेओंस काय म्हणतो?"

"काय म्हणणार? मी नाही, मी नाही. म्हातारी आई आहे घरात, तिचं नाव घेऊन रडत होता," फेर्नां म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

तिघं तळघरात उतरली. स्टीलची मोठी टाकी रिती उभी होती. खालची तोटी उघडी, वरचं झाकणही उघडं. फरशी लख्ख धुतलेली. पाण्याचा पाइप नीट गुंडाळून खुंटीला.

"हे तुम्ही आवरलंत?"

"छे! मी आलो तेव्हा असंच होतं."

"टाकी कितपत भरलेली होती?"

"काठोकाठ."

बाजूची सहा लाकडी पिंपं मात्र जशीच्या तशी होती. त्यांत ऐंशी वर्षांच्या वेलींची, फेर्नांची सगळ्यात भारी वाइन. ओदिल गुडघ्यावर बसली. मोरीच्या तोंडाशी, दगडाच्या फटीत पाणी पोचलं नव्हतं. तिथे डाग राहिला होता. तिने रुमाल ओला करून पुसला. रुमाल शाईसारखा काळाजांभळा झाला.

रुमाल हातात घेऊनच ती उठली.

"लेओंसला सोडवायला हवं, फेर्नां. हे त्याचं काम नाही."

"मग कुणाचं?"

"रागावलेला माणूस तोटी फिरवतो आणि पळत सुटतो. पण झाकण बंद ठेवून टाकी रिकामी केली, तर हवा आत शिरत नाही आणि पत्रा आत चेपतो. आधी झाकण उघडायचं, हे शेळ्या राखणाऱ्याला कुठलं ठाऊक? वर फरशी धुवायची, पाइप गुंडाळायचा! ज्याचा सगळा जन्म तळघरात गेलाय, त्याचेच हात हे करतात. त्याला तुमचं वाटोळं करायचं असतं, तर आधी पिंपं फोडली असती. त्याने फक्त टाकी ओतली. का? तर तिच्यात व्हाल्मेरची वाइन नव्हतीच. अर्धा मळा हिमाने गेला, तरी टाकी काठोकाठ? आणि तुमची वाइन असा काळा डाग कधी पाडते?"



"मी ओतली," मिरेय म्हणाली. "दक्षिणेतून टँकरने आणली होती यांनी. मी हातापाया पडले, हे ऐकेनात. तिच्यावर आमच्या गावाचं नाव लागणार होतं! नाही बघवलं मला. पण लेओंसला नेलं तेव्हा मी तोंड मिटून बसले. माझ्यासारखी पापी मीच."

"पण एवढं कशासाठी, फेर्नां? कमी दिल्या असत्या बाटल्या," ओदिल म्हणाली.

मिरेयने एप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. अक्षर ओदिलचंच. 'हिमाचं कळलं, वाईट वाटलं. पण तीन हजार झाल्याच पाहिजेत. नाहीतर मी दुसरं गाव बघते.'

ओदिलला आठवलं. गाडीची वेळ झालेली, तिने उभ्याउभ्या खरडलं होतं. तिचा चेहरा उतरला.

फेर्नांने फोन लावला. फौजदाराला सगळं सांगितलं. टँकर, टाकी, लेओंस. तळघरात पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"बाहेरची वाइन आणायला कुणी भाग पाडलं का तुम्हाला? नीट विचार करून सांगा. खटला उभा राहील."

फेर्नांने ओदिलकडे पाहिलं.

"नाही साहेब. माझीच हाव."

माझंही नाव लिहा, एवढंच ओदिलला म्हणायचं होतं. तिने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा एक घातली. मग ती खिशात सरकवली.

"बरं," फौजदार म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.