दोन बोटं जास्तीचा तळ

“आणि ही बाई कोण?” असं चपला बघायला आलेल्या गोऱ्या एल्साबाईंनी हातानंच खुणावून विचारलं. जावई गोरक्ष तोंड उघडणार एवढ्यात राही, भागिरथीच्या पोटची एकुलती एक राही, हसून म्हणाली, “ती होय? कामाला येते आमच्याकडे.”

भागिरथीच्या हातातली आरी चामड्यातून आरपार गेली आणि बोटात घुसली. रक्ताचा डाग पाहुण्यांच्या मालाला लागू नये म्हणून तिनं बोट पदरात गुंडाळलं. कामाला येते! खोटं तरी काय होतं त्यात? रोज सकाळी फडक्यात भाकरी आणि सोबत पाण्याचा तांब्या घेऊन ती लेकीच्या सासरी कामालाच तर येत होती.

त्र्याहत्तर सालचा तो कोरडा चैत्र होता आणि अवघ्या जामखेडात पाण्यासाठी रांगा लागत होत्या. पण लेकीच्या घरचं पाणी आईनं प्यायचं नसतं, हा रिवाज भागिरथीनं मोडला नव्हता. राहीला मात्र तो तांब्या डोळ्यांत खुपायचा. आमचं पाणीसुद्धा हिला कमीपणाचं वाटतं, असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि ते भागिरथीच्या कानावर पडायचं.

ज्या ‘बाभूळछाप’ चपलांसाठी ही गोरी बाई जर्मनीहून जामखेडला आली होती, तो बाभळीच्या फांदीचा पितळी ठसा भागिरथीच्या आजेसासऱ्यांचा. तिच्या घराण्यात बायकांनी नुसत्या वेण्या विणायच्या. तळ कापायचा आणि ठसा मारायचा तो पुरुषानंच. नवरा सहादू गेला तेव्हा पदरात तीन वर्षांची राही होती. भागिरथीनं चामडं कापायची रापी उचलली, भावकी हसली, आणि हसता हसता दहा वर्षांत बाभूळछाप समुद्रापार गेली! मुंबईच्या एका दुकानात एल्साबाईंनी जोड पाहिला आणि पत्र धाडलं. मिशनच्या शाळेतल्या बाई ते वाचून दाखवत आणि उत्तर लिहून देत. खाली सही म्हणून भागिरथी शाईत बुडवून ठसा उमटवी. तिकडून कागदावर रेखलेली पावलं येत. त्या अनोळखी पावलांवर ती तळहात ठेवून बघे. तिकडच्या बाया थंडीत जाड मोजे घालतात हे कळल्यावर तिनं अंगठ्याची कडी काढून टाकली, पट्टा रुंद केला. पण खिळा म्हणून कधी लावला नाही, चामडं चामड्याच्याच वादीनं शिवलं. ठशामागचा हात एका बाईचा आहे, हे एल्साबाईंना मात्र शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि राहीला तरी आईबद्दल काय ठाऊक होतं! चौथ्या वर्षी ताप आला आणि तिचा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. भागिरथीनं तिच्या डाव्या चपलेचा तळ दोन बोटं जाड केला, पातळ पातळ थर असे बसवले की बघणाऱ्याला कळू नये, आणि रस्त्यानं चालताना ती कायम लेकीच्या डाव्या अंगाला राहिली, लोकांच्या नजरा आपल्या अंगावर घेत. राहीच्या मनात उरलं ते एवढंच, की आई मुंबईला, दिल्लीच्या प्रदर्शनाला जायची आणि आपल्याला शेजारच्या दगडाबाईकडं टाकून जायची.

राहीचं लग्न जमलं ते चपलांचे व्यापारी आप्पासाहेब यांच्या मुलाशी, गोरक्षशी. “पाय न्हाई बघितला, माणूस बघितलं,” असं गोरक्ष तिला म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यावर राहीचा सारा संसार उभा होता. त्या वाक्यासाठी काय मोजलं गेलं, ते फक्त भागिरथीला माहीत होतं! आप्पासाहेबांनी लंगड्या पोरीसोबत ठसा मागितला होता, आणि ठशासोबत भागिरथीचे हात. तिनं दोन्ही दिले, वर हात जोडून एवढंच मागितलं, “माज्या राहीला ह्ये कळू देऊ नगा.” आई धंद्याला कंटाळली, म्हणून ठसा विकून मोकळी झाली, असं राही समजून चालली होती. समजू दे! पोरगी ताठ मानेनं नांदतेय ना, मग झालं तर.

पण एल्साबाई आल्या त्या दिवशी भागिरथीच्याच जिभेनं घात केला. गोरक्षनं नव्या जोडांची पेटी पाहुणीपुढं उघडली आणि भागिरथीला तळात चकाकणारे खिळे दिसले. काम लवकर उरकावं म्हणून त्यानं ते पाथर्डीहून परस्पर ठोकून आणले होते.

“जावईबापू, ह्यो माल देऊ नगा,” ती बोलून गेली. “तिकडं लई थंडी, लई ओल, चामडं आकसतंय. खिळा वर येऊन टोचंल बायांना.”

पाहुणी चमकून बघू लागली. गोरक्षचा चेहरा काळाठिक्कर पडला. “मामी, तुम्हांला कुणी विचारलं?”

“चार लोकांत आमची लाज काढायला येतेस का गं?” राही कडाडली. “आयुष्यभर परक्यांच्या पायांची काळजी केलीस! उद्यापासून येऊ नकोस. तोंड दाखवू नकोस मला!”

एक वाक्य... एक वाक्य बोलली असती तर लेकीचा सारा ताठा गळून पडला असता! भागिरथीनं भाकरीचं फडकं उचललं, तांब्या उचलला, आणि जाता जाता उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या राहीच्या चपला सरळ करून ठेवल्या.

दुसऱ्या आठवड्यात ती दगडाबाईबरोबर खर्ड्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला लागली. ज्या हातांनी कुणाच्या पायाला टाचणी टोचू दिली नाही, ते हात दिवसभर खडी फोडू लागले. पाचव्या दिवशी हातोडा उजव्या अंगठ्यावर बसला. अंगठा काळा पडला, मग सुन्न झाला. आरी धरायची बोटं आता भाकरीसुद्धा धड मोडत नव्हती.

ज्येष्ठातल्या एका दुपारी दगडाबाई ओरडली, “भागे, बघ तर कोण येतंय!”

तापल्या खडीवरून राही येत होती. अनवाणी! डाव्या अंगाला झुकत, उघड उघड लंगडत, शंभर माणसांच्या देखत!

भागिरथी धावली. “अगं, चप्पल कुठं हाय तुजी? लोक बघत्याती! थांब, खडी टोचंल...”

“माल परत आला, आई.” इतके दिवस शुद्ध बोलणारी राही पार माहेरच्या बोलीवर आली होती. “इमानानं गेला तसा, खिळं टोचलं म्हून परत आला. तर नवरा मला म्हनला, तुजी आई होती तवर तू चालत हुतीस, आता लंगडी घिऊन काय करू? पायातली चप्पल बी काडून घेतली. समदं बोलला... ठशाचं, तुज्या हातांचं... आई, तू मला का न्हाई सांगितलं गं!”

ती आईच्या पायांवर कोसळली. भागिरथीनं तिला पोटाशी धरलं, पण उजवा हात पदराआडच ठेवला.

“नवी चप्पल शिव मला. तुज्या हातची. तीच घालून त्या घरातनं माजं सामान आनते.”

भागिरथीनं पदर आणखीच आवळला. शेवटी दगडाबाईनंच तिचा हात ओढून बाहेर काढला. राहीनं तो काळा अंगठा पाहिला आणि आईचा हात हातात घेतला.

“न्हाई जमायचं आता, बाळा,” भागिरथी म्हणाली.

मग तिनं दातांनी आपलं लुगडं फाडलं, पट्टीवर पट्टी घेत ती राहीच्या डाव्या पावलाखाली गुंडाळू लागली, डाव्या हातानं चाचपून बघितलं... बरोब्बर दोन बोटं. “आता चाल. कळायचं न्हाई कुनाला.”

राहीनं डोळे पुसले. एकेक पट्टी सोडली आणि तीच आईच्या ठेचलेल्या अंगठ्याला बांधली.

मुकादमाची शिट्टी झाली, माणसं गावाकडं निघाली. भागिरथी सवयीनं लेकीच्या डाव्या अंगाला गेली. राहीनं तिला हळूच उजवीकडं केलं आणि लोकांच्या बाजूनं ती स्वतः लंगडत चालू लागली.