चिमणीचा बार

संत बार्बराच्या दिवशी, चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर, बुर्गी आइबल घरी आली. तिनं कपाटातून चिमणी काढली, नवऱ्याच्या लोकरी कोटात गुंडाळली आणि हातगाडीवर ठेवली. शेजारी बंदुकीच्या दारूचा डबा, बुचांची पिशवी, वातीचं वेटोळं, लांब गज, आणि थर्मासमध्ये चहा. बाजाराला निघाल्यासारखी ती कुरणाच्या वाटेला लागली.

चिमणी म्हणजे तोफ. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मावेल एवढीच, पण नळी अस्सल काशाची, चाकं ओकच्या लाकडाची, आणि आत ठासायची ती खरी काळी दारू. बव्हेरियाच्या डोंगरातल्या लिंडग्रुंड गावात असल्या तोफा घडवायचं, जमवायचं आणि उडवायचं वेड बापाकडून लेकाकडे जातं, आणि संत बार्बरा ही तोफावाल्यांची रक्षणकर्ती. ज्यांच्या कपाटात ताटांपेक्षा तोफा जास्त, अशी घरं तिथं आहेत. मोठ्या तोफा उडवणारे शेजारगावचे लोक त्यांना ‘उंदीरमारे’ म्हणतात. म्हणोत बापडे! बुर्गीच्या नवऱ्यानं, वीटुसनं, लेथवर घडवलेल्या तोफांमध्ये ही सगळ्यात लहान, आणि हिचा आवाज सगळ्यात बारीक नि टोकदार. म्हणून चिमणी.

गेल्या वर्षी याच दिवशी तिनं वीटुसचा जीव घेतला होता.

कुरणासमोर एक उंच कडा आहे. गावकरी त्याला बोलका कडा म्हणतात, कारण तो कुणालाही उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. तोफावाल्यांचा सगळा नियम या कड्यावर उभा आहे. बार झाला की कड्याचं उत्तर येऊ द्यायचं. ते आलं की तोफेच्या तोंडापुढं जाऊन ओल्या बोळ्यानं नळी पुसायची, म्हणजे आत ठिणगी राहत नाही. आणि बार झालाच नाही, तर तंबाखूचा एक पाइप भरून, ओढून, विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. वात विझलीशी वाटते आणि ठिणगी आत दबा धरून बसलेली असते.

गेल्या वर्षी धुकं होतं. तोफा एकामागून एक उडत होत्या. रांगेत वीटुस शेवटचा, त्याच्या आधी पंक्राट्स. पंक्राट्सचा बार झाला, वीटुसनं वात पेटवली, जरा थांबला, बोळा घेऊन पुढे गेला, आणि चिमणी त्याच्या छातीवर उडाली. नळीच्या तोंडाशी ठोकलेलं बूच इतक्या जवळून लागलं की गोळी काय आणि ते काय, सारखंच. तोफ उडालेली नसताना वीटुस घाईनं तिच्या पुढ्यात गेला, हे सगळ्यांनी पाहिलं. सरकारी तपासणीत तोफेत खोट निघाली नाही. स्वतःच्या हयगयीनं मेलेल्याला सलामी द्यायची नाही, हा तोफावाल्यांच्या मंडळाचा जुना नियम. वीटुस मुकाट्यानं पुरला गेला. तोफावाल्याला सलामीवाचून पुरणं म्हणजे काय, ते त्या गावातच कळतं. दुकानात लोक बुर्गीशी सांभाळून, हळू आवाजात बोलायला लागले, आणि ते तिला शिव्यांपेक्षा झोंबायचं.

पण बुर्गीनं त्या दिवशी काहीतरी ऐकलं होतं. ती रांगेमागं चहा ओतत होती. पंक्राट्सच्या बाराला कड्यानं उत्तर दिलं. मग, वीटुसनं पाऊल उचलायच्या आधी, कड्यावरून आणखी एक उत्तर आलं. बारीक, टोकदार. तिनं हे सगळ्यांना सांगितलं. पाद्रीबुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या तिनं खिडकीतल्या कुंडीत टाकल्या. आणि साठी उलटल्यावर, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून वर्गात बसून, तिनं दारू हाताळायचा परवाना काढला. चिमणी आपल्या हातानं उडवायची आणि वीटुसची सलामी मिळवायची, अशी तिनं खूणगाठच बांधली होती.

कुरणावर धुकं इतकं दाट होतं की कडा दिसतच नव्हता. नुसता तिकडून गार वास येत होता, ओल्या दगडाचा. मंडळाची माणसं हद्दीच्या दोरीच्या अलीकडे उभी होती. त्यांच्या चकचकीत तोफा गवतावर ओळीनं मांडलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या.

“आली बघा, आमची सेनापतीण!” पंक्राट्स ओरडला. दोन माणसांएवढं पोट एकट्यानं वागवणारा हा मनुष्य मयताला गेला तरी विनोद करायचा. “चहा आणलास की नाही? नाहीतर परवाना जप्त.”

“तुला नाही मिळणार. तुझ्यात जागा कुठंय?”

मंडळाचा म्होरक्या हार्टल मात्र हसला नाही. तो वीटुसचा थोरला भाऊ. सलामी नाकारणारं मत त्याचंही होतं, आणि तेव्हापासून त्यानं बुर्गीच्या घराची पायरी चढली नव्हती.

“बुर्गी, अजून सांगतो, राहू दे हे.”

“आपलं ठरलंय, हार्टल.”

“ठरलंय ना? मग परत एकदा सगळ्यांसमोर बोल.”

“चिमणी नीट उडाली तर ती तुमच्या हवाली. वितळवा, काय वाटेल ते करा. मी परत तोंड उघडणार नाही. पण मी म्हणते तसं झालं, आधी कड्याचं उत्तर आणि मागून बार, तर माझ्या माणसाला आज सलामी. आजच.”

“आधी उत्तर आणि मागून बार...” हार्टलनं मान हलवली. “असं कधी झालंय का गं कुठं?”

“मला काय विचारतोस? त्या कड्याला विचार.”

तिनं चिमणी सपाट दगडावर, तोंड कड्याकडे करून ठेवली. कोट घडी करून बाजूला ठेवला. मापानं दारू ओतली, बूच बसवलं, लाकडी हातोडीनं ठोकलं. तिचे हात थरथरत नव्हते. थरथरायचं होतं ते वर्षभर रात्री अंथरुणात थरथरून झालं होतं. हार्टलनं एक एक गोष्ट वाकून पाहिली, आणि त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

“सगळे मागे,” तो म्हणाला.

बुर्गीनं वात पेटवली आणि दोरीच्या अलीकडे आली. वात फुरफुरली. धुक्यात तिचा लाल ठिपका सरकत सरकत नळीच्या कानाशी, वातीच्या छिद्राशी, गेला आणि दिसेनासा झाला. गंधकाचा वास आला.

कुठूनतरी थेंब ठिबकत होता.

आणि कड्यावरून बार ऐकू आला.

बारीक. टोकदार. धुक्यातून लांबत लांबत आला, खालच्या दरीत घरंगळला आणि विरला.

“झाला!” पंक्राट्सनं मोठा श्वास सोडला. “झाला की बार. चांगला झाला.”

“झाला,” हार्टल म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेची भावना होती, आणि त्याखाली दुःखही होतं. “ऐकलंस ना, बुर्गी? कड्यानं उत्तर दिलं. नेहमीसारखं.” त्यानं बादलीतून ओला बोळा उचलला. सवयच ती, उत्तर आलं की पाय आपोआप निघतात.

“हार्टल, थांब.”

“नळी पुसायला नको?”

“कड्याचं ऐकलंस... पण तोफेचं ऐकलंस का?”

तो एक पाय दोरीपलीकडे टाकून थबकला. “म्हणजे काय? ऐकल्याशिवाय...”

“आठव. इथं, समोर, काही वाजलं का?”

“वाजलं असेल गं. धुकं आहे. लक्ष नव्हतं.”

“धूर कुठंय?”

“धुक्यात धूर कसा दिसणार तुला? सोड!”

तिनं दोन्ही हातांनी त्याचा कमरपट्टा धरला होता. टाचा चिखलात रोवून ती मागे ओढत होती. हार्टल अंगापिंडानं दांडगा माणूस. त्यानं हिसडा दिला तशी ती गुडघ्यावर पडली, पण पट्टा सोडला नाही. “एकाला जाऊ दिलं मी! चहा ओतत बसले आणि जाऊ दिलं! तुला नाही जाऊ देणार, मेल्या, हात तोडलास तरी नाही!”

“बुर्गी, वेड लागलंय का तुला...”

चिमणी उडाली.

सगळ्यांच्या समोर, दगडावर, जाळ आणि पांढऱ्या धुराचा लोट. जिथं हार्टल वाकून उभा राहिला असता तिथून बूच सणसणत गेलं आणि धुक्यात नाहीसं झालं. तोफ आपल्या चाकांवर मागे सरकली आणि थांबली.

मग सगळे कड्याच्या उत्तराची वाट पाहत राहिले. पाहतच राहिले. कडा गप्प होता. त्याला जे बोलायचं होतं ते तो बोलून बसला होता.

हार्टलच्या हातातला बोळा गळून पडला. तो तिथंच गवतावर बसला, आणि म्हणाला, “म्हणजे त्यानं... वीटुसनं उत्तर ऐकलं होतं.”

“हो.”

“उत्तर ऐकून गेला. नियमानं गेला.”

“तो कधी नियमाबाहेर गेला होता? तूच शिकवलेलं होतंस त्याला.”

थोरला भाऊ ढसाढसा रडला. बुर्गीला वाटलं होतं, हा दिवस आला की आपल्या जिवाला गार वाटेल, चार शब्द सुनवावेसे वाटतील. तसलं काही वाटलं नाही. तिनं थर्मास उघडला आणि पहिला पेला त्याला दिला.

उत्तराऐवजी एक पाइप ओढून झाल्यावर हार्टल स्वतः पुढे गेला आणि चिमणीची नळी पुसली. मग त्यानं टोपी काढली आणि हुकूम दिला. सगळ्या तोफा ठासल्या गेल्या. चिमणीला बुर्गीनं रिकामीच, रांगेच्या टोकाला, वीटुसच्या जागी ठेवलं. आज तिनं फक्त ऐकावं, असं ती म्हणाली. एकदम सगळ्या वाती पेटल्या, आणि लिंडग्रुंडच्या कुरणावर वीटुस आइबलची सलामी झडली. आधी बार झाला. मग कड्याचं उत्तर आलं, रुंद, भरदार, जसं यायला हवं तसं. बुर्गी तेव्हा रडली, पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, रुमालसुद्धा नाही, सरळ बाहीला डोळे पुसत.

त्यानंतर माणसं मोकळी झाली. सुक्या नासपतीचा गोड पाव कापला गेला, बाटली फिरली. नळ्या पुसून झाल्या, प्रत्येकीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री झाली. चिमणीतही हार्टलनं गज घातला, तळापर्यंत गेला. मग त्यानं टॉर्च लावून आत पाहिलं. पंक्राट्सनं पाहिलं. बुर्गीनंही पाहिलं. आत काही नव्हतं.

“चल गं चिमणे, घरी,” म्हणत पंक्राट्सनं तिला तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांवर उचललं. तिचं तोंड त्याच्या गळ्याशी आलं. “बघा, माझ्याकडे आल्यावर कशी गप्प...”

कड्यावरून बार ऐकू आला.

बारीक. टोकदार.

कुणीही काही उडवलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या तोफा खोक्यांमध्ये गेल्या होत्या. आवाज लांबत आला, दरीत उतरला आणि संपला. पंक्राट्स हसायच्या बेतात होता. मग त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

“रिकामी आहे ना रे ही?” त्यानं विचारलं.

“रिकामी आहे,” हार्टल म्हणाला. “मी स्वतः... रिकामी आहे.”

“मग हे उत्तर कशाचं?”

“पंक्राट्स,” बुर्गी अगदी हळू म्हणाली, “तोंड कड्याकडे कर तिचं. हां... असं. आता खाली ठेव. हळू. पुढनं जाऊ नकोस... मागनं ये. माझ्याकडे बघत ये.”

तो आला. दोरीच्या अलीकडे येताच दोघांनी त्याला धरलं. हार्टलनं पाइप भरला. सगळे थांबले. पाइप विझला, त्यानं दुसरा भरला. धुकं निवळलं, कडा दिसायला लागला, काळाशार, ओला. चिमणी गवतावर तशीच बसलेली होती.

बार काही झाला नाही. अजून झालेला नाही.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. बुर्गीनं दुसऱ्याच दिवशी स्वतः खुंट ठोकून चिमणीभोवती तारेचं कुंपण घातलं, आणि कड्याच्या बाजूनं तर दुहेरी. तिकडे ती गाईसुद्धा फिरकू देत नाही. वितळवायला न्यायची म्हटलं तरी आधी कुणीतरी हात लावायला हवा, आणि हात लावायला कोणी तयार नाही. ओकची चाकं कुजली, नळी जमिनीला टेकली, काशावर हिरवा थर चढला. हिवाळ्यात त्या कुरणावर गुडघाभर बर्फ पडतं. कुंपणाच्या खुंटांवर साठतं, तारेवर साठतं. चिमणीच्या पाठीवर मात्र साठत नाही. पडल्या पडल्या वितळतं, आणि तिच्या कानाशी चिमूटभर वाफ दिसते.