दोन हजार वॅटची सपाट रेघ

सोमवारी सकाळी थोरल्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेची शीतखोली उघडली आणि कोंदट ऊब तोंडावर आली. नव्या औषधाच्या चाचणीतले तीनशे रक्तनमुने नासले होते. त्याच दुपारी ते फेरतपासणीला जायचे होते. थंड करणारं यंत्र मात्र घरघरत होतं.

शीतखोलीचं वेगळं वीजमीटर तपासणाऱ्या बाई आल्या, तेव्हा डॉक्टरांचा धाकटा भाऊ पहारेकऱ्यावर तुटून पडला होता. औषधाची चाचणी या धाकट्यानेच केली होती.

"दार उघडं टाकून झोपलास ना? बोल!"

"दाराला हात लावला असेल तर हात झडो माझा," पहारेकरी म्हणाला.

"काल कोण आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"पहाटे थोरले साहेब, मग लगेच धाकटे. आज सकाळीही धाकटेच आधी आले."

"याला काय विचारता?" धाकटा खेकसला. "यंत्र काल दिवसभर दोन हजार वॅट घेत होतं. म्हणजे दारच उघडं होतं! तुमचं मीटर बघा आणि निघा."

बाईंनी मीटरचा पडदा पाहिला. त्यावर फक्त त्या क्षणाचा आकडा दिसे: चौदाशे. त्यांनी मीटरला संगणक जोडला. जुनं मीटर चकती फिरवून नुसती बेरीज ठेवायचं. यातली चिप करंट आणि व्होल्टेज क्षणाक्षणाला मोजून लक्षात ठेवत होती.

रविवारची रेघ सकाळपासून दोन हजारांवर सपाट होती.

"झालं समाधान?" धाकटा म्हणाला.

"झालं. हे यंत्र नव्हतंच. यंत्राची मोटर सुरू होताना रेघ उसळते, आणि मोटरचा करंट व्होल्टेजच्या जरा मागे राहतो. इथे उसळी नाही, दोन्ही बरोबर चालतात. असं हीटरचं असतं. कुणीतरी यंत्राचा प्लग काढून तिथे हीटर लावला आणि आज सकाळी प्लग पुन्हा जागेवर बसवला."

"मग यानेच लावला असेल!"

"चिपमधली नोंद मी आत्ता उघडली, डॉक्टर. त्याआधीच तुम्ही दोन हजार म्हणालात. पडदा चौदाशे दाखवत होता. काल तो आकडा पाहून दार उघडं वाटलं असतं, तर तुम्ही ते तेव्हाच लावलं असतं. तो हीटर लावणाऱ्यानेच पाहिला असणार."

धाकट्याचा चेहरा उतरला.

"चाचणीचे आकडे खोटे होते ना रे तुझे?" थोरल्यांनी विचारलं. "फेरतपासणीत उघडे पडले असते."

"तू भाऊ आहेस की वैरी? माझ्यावरच फेरतपासणी लावलीस!"

थोरल्यांनी पोलिसांना फोन लावला. मग ते पहारेकऱ्याकडे वळले. "मामा, मीही तुमच्यावर संशय घेतला. चुकलो."

मामांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला.

"दुसरा माणूस बघा," ते म्हणाले आणि चालू लागले.