अपघाताशिवायचे दिवस

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, मी कुणाच्या पाया पडणार नाही.

आणि यात रात्र शोधू नका. रात्र नव्हती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी १९९७. सकाळचे सात पन्नास. गाव कावासाकी, जपान. बाहेर लख्ख ऊन आणि हाडं गोठवणारी थंडी.

मी रविकांत. मूळचा मिरजेचा. आयटीआय वायरमन. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. बायको जपानी, हारुमी. तिच्यामुळे तिकडे राहिलो आणि कामाला लागलो.

कामाची जागा म्हणजे इलेक्ट्रिक कंत्राटदारांची एक संघटना. नाव सांगत नाही. ज्यांचे कामगार युनियनमध्ये आहेत अशाच कंपन्या तिच्या सभासद. कामगारांना शिकवायचं, साइटवर जाऊन सुरक्षा तपासायची आणि मालकांना सरकारी निविदांचे कागद तयार करून द्यायचे, असा तिचा पसारा. मी तिच्या प्रशिक्षण हॉलमध्ये शिकवायचो. चालू तारेवर मरायचं कसं नाही, एवढाच माझा विषय.

हॉलमध्ये शिरलं की दारासमोरच एक हिरवा फलक होता. काचेचं दार, त्याला बारीक कुलूप. आत खिळ्यांवर टांगलेल्या पत्र्याच्या पाट्या, एकेका पाटीवर एकेक आकडा. वर लिहिलेलं : अपघाताशिवायचे दिवस.

रोज सकाळी आठला सगळे फलकासमोर उभे राहायचे. आमचे साहेब हिरानो-सान एक पाटी बदलायचे, आकड्याकडे बोट करायचे आणि ओरडायचे, "शून्य अपघात, योशी!"

योशी म्हणजे ठीक आहे. मग तीस जण बोट करून एका सुरात, "योशी!"

आदल्या दिवशी आकडा होता ९११.

त्या मंगळवारी मी सर्वांत आधी आलो. कुलूप उघडलं, दिवा लावला, फलकाकडे पाहिलं...

१८७.

मला वाटलं कुणीतरी चावटपणा केला. पाट्या काढल्या, ९११ लावलं. आठ वाजता हिरानो-सानांनी ९१२ केलं. मी कुणाला काही बोललो नाही.

बुधवारी सकाळी पुन्हा...

१८८.

म्हणजे चावटपणा करणारा रोज एक दिवस वाढवत होता. हिशेब ठेवून.

या वेळी मी पाट्यांना हात लावायच्या आत हिरानो-सान येऊन मागे उभे राहिले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी.

"रवी-सान, शून्याचा शोध तुमच्या इंडियात लागला म्हणतात."

"हो."

"मग आमच्या शून्य अपघातावर राग का?"

"मी केलेलं नाही, साहेब."

"काचेच्या चाव्या दोन. एक माझ्याकडे." त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "दुसरी कुणाकडे, ते तुम्ही सांगा."

दुसरी माझ्या कमरेला होती.

अजून सत्त्याऐंशी दिवसांनी हजार पूर्ण होणार होते. मोठा समारंभ ठरलेला. हजार दिवसांचं प्रमाणपत्र जोडलं की सभासदांची नावं निविदांच्या यादीत वर सरकतात, हे मला माहीत होतं. त्यामुळे त्या आकड्याशी खेळणारा माणूस नोकरीत राहणार नाही, हेही माहीत होतं.

म्हणून गुरुवारी मी सव्वासातलाच आलो. दार आतून लावून घेतलं. हॉलमध्ये मी एकटा. खिडक्या बंद, ऊन थेट फलकावर.

आकडा ९१३. आदल्या दिवशी लावलेला, जसाच्या तसा.

मी समोर खुर्ची टाकून बसलो. वीस मिनिटं काही नाही. पाय बधिर झाले, म्हणून केरोसीनचा स्टोव्ह पेटवायला खाली वाकलो.

खट...

खट...

खट...

मी मान वर केली.

१८९.

काचेला कुलूप तसंच. काचेवरची धूळसुद्धा तशीच, एका बोटाचा ठसा नाही. मी चावी फिरवली आणि हिय्या करून शेवटच्या पाटीला हात लावला...

पाटी गरम होती.

नुकताच तव्यावरून उतरवलेला पत्रा असावा, तशी. आणि स्टोव्ह अजून पेटलाही नव्हता.

त्या दिवशी ऑफिसमधल्या मोरी-सानना मी विचारलं, "एकशे एकोणनव्वद दिवसांपूर्वी काय झालं होतं?"

मोरी-सान सगळ्या फायली सांभाळायच्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग टेबलाकडे. पेन उचललं, खाली ठेवलं.

"बोनची सुट्टी होती, रवी-सान. कुणी कामावर नव्हतं."

मी तारीख विचारलीच नव्हती. काय झालं, एवढंच विचारलं होतं. त्यांनी क्षणात मोजलं कसं?

घरी येऊन मी मोजलं. १५ ऑगस्ट १९९६. ऐन बोनमधला दिवस; बोन म्हणजे जपान्यांचा पितृपक्ष.

हारुमी भात वाढत होती. माझ्या आईनं शिकवलेलं 'अहो' ती फार जपून वापरते. गंभीर काही असलं तरच.

"अहो, तेव्हा तुम्ही मिरजेला होतात. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन."

खरंच. ३ ऑगस्टला गेलो, २४ ला परतलो. पासपोर्टवर शिक्के आहेत.

"मग मला काय दाखवतंय ते?"

"बोनमध्ये कारखाने बंद," ती म्हणाली. "मेन लाइनचं काम तेव्हाच करतात ना? तुम्हीच सांगता."

मी सांगतो खरा. कारखाना चालू असताना वीज तोडता येत नाही. बोनची सुट्टी म्हणजे आमच्या धंद्याचा सगळ्यात गर्दीचा आठवडा. आणि मोरी-सान म्हणे कुणी कामावर नव्हतं!

शुक्रवारी फलकावर १९०. मी ते बदलायच्या भानगडीत पडलो नाही, थेट प्रशिक्षणाच्या फायली काढल्या. ऑगस्टची फाइल सगळ्यात तळाला, उलटी ठेवलेली. आत एकच कागद.

चालू तारेजवळ काम करण्याचं सक्तीचं प्रशिक्षण. तारीख १२ ऑगस्ट.

प्रशिक्षणार्थी : चंद्रहास भारंबे. मूळ पत्ता : भुसावळ.

मराठी माणूस! कावासाकीत तेव्हा आम्ही मराठी मोजून दहा-बारा घरं. गणपतीला सगळी एका खोलीत मावायची. हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग नजर खाली गेली. प्रशिक्षकाचा शिक्का...

माझा.

जपानी ऑफिसात सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो. माणूस सुट्टीवर जाताना तो ड्रॉवरमध्ये ठेवून जातो, कागद अडू नयेत म्हणून. सगळेच ठेवतात. मीही ठेवला होता. तीन आठवडे.

मी कागद घेऊन मोरी-सानपुढे धरला.

"हिरानो-सान म्हणाले मारा, मी मारला," त्या पुटपुटल्या. "फक्त एक कागद होता. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी साइटवर घ्यायचं होतं."

"तो कुठे आहे आता?"

मोरी-सानच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा आलं.

मी हिरानो-सानच्या खोलीत शिरलो. युनियनचे ओकुदा-सान तिथेच बसले होते. कामगारांचा माणूस आणि मालकांचा माणूस, एका किटलीतला चहा पीत.

"भारंबे कसा मेला?"

मी अंधारात खडा मारला होता. पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं तेव्हा तो लागला.

"हृदय," ओकुदा-सान म्हणाले. "स्वतःच्या खोलीत. दुर्दैव."

"१५ ऑगस्टला?"

"तो युनियनचा सभासदच नव्हता, रवी-सान. कंत्राटदाराच्या खालच्या कंत्राटदाराचा माणूस. व्हिसासुद्धा संपलेला."

"मग तारेनं त्याला ओळखपत्र विचारलं का?"

ओकुदा-सानांचा कप खाली आला. हिरानो-सान मात्र शांत. गोळी या गालातून त्या गालात.

"समजा," ते म्हणाले, "अपघात होता. मग पहिला प्रश्न कोणता? याला शिकवलं कुणी? कागदावर शिक्का कुणाचा?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं, फलकाकडे करतात तसंच. "तुम्हाला मुलगी आहे. बायको आहे. विचार करा."

मी शनिवार-रविवार विचार केला. खोटं कशाला बोलू, गप्प बसायचाही विचार केला. माझी नूपुर तेव्हा पहिलीत जाणार होती. कागद फाइलमध्ये परत उलटा ठेवला असता तर कोण विचारणार होतं? पण एक माणूस माझ्या शिक्क्यावर तारेपर्यंत गेला होता. शिक्का नसता तर साइटच्या फाटकावरच अडला असता. जगला असता.

सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळचे आठ. तीस जण फलकासमोर.

आकडा १९३. त्या दिवशी मी तो बदलला नाही.

"रवी-सान, दुरुस्त करा," हिरानो-सान म्हणाले.

"बरोबर आहे तो."

मी मोठ्यानं सांगितलं, "१५ ऑगस्टला चंद्रहास भारंबे नावाचा माणूस मेला. तेव्हापासून एकशे त्र्याण्णव दिवस झाले."

हिरानो-सान पुढे आले. स्वतःच्या चावीनं काच उघडली. एकेक पाटी काढून ९१८ लावलं. काच बंद केली, चावी खिशात टाकली. आमच्याकडे वळले, पाठीमागे फलकाकडे बोट केलं.

"शून्य अपघात, योशी!"

एकही तोंड उघडलं नाही.

आणि त्या शांततेत, त्यांच्या पाठीमागे, बंद काचेच्या आत...

खट...

खट...

खट...

तीस माणसांनी पाहिलं. हात न लागता पाट्या फिरल्या. १९३.

हिरानो-सान वळले नाहीत. वळायची गरजच पडली नाही, त्यांना समोरच्या तीस चेहऱ्यांवर सगळं दिसलं. त्यांच्या तोंडातली गोळी जमिनीवर पडली. तो बारीक आवाज मला अजून आठवतो.

त्या तीस जणांना आज जाऊन विचारा. एक जण सांगणार नाही. मी सांगतोय.

दुपारी मी तो कागद आणि पासपोर्ट घेऊन कामगार तपासणीच्या कचेरीत गेलो आणि जबाब दिला. माझा शिक्का मी निष्काळजीपणे ठेवला, हेही त्यात लिहिलं. महिनाभरात त्या कंत्राटदाराला कबूल करावं लागलं. स्विच बोर्डावर वीज बंद म्हणून लिहिलेलं, आणि लाइन चालू. अंगावरचे कपडे बदलून भारंबेला त्याच्या खोलीत नेऊन झोपवलं होतं. फलक उतरवला गेला. माझी नोकरी गेली. जाऊ दे.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहीत बसलो नसतो.

भुसावळच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं होतं. जमेल तेवढं खरं सांगितलं. माझ्या शिक्क्याबद्दल लिहायला मात्र हात धजला नाही. मी कोण, तिथे काय करायचो, काही लिहिलं नाही. फक्त नाव.

मे महिन्यात उत्तर आलं. त्याच्या बायकोचं, जयमालाबाईंचं. सोबत नवऱ्याच्या शेवटच्या पत्राची झेरॉक्स. तारीख १३ ऑगस्ट.

त्यात लिहिलं होतं :

"तू उगीच घोर लावून घेऊ नकोस. इथं शिकवायला आपलेच मिरजेचे रविकांत सर आहेत. काल दिवसभर मला एकट्याला मराठीत शिकवलं. तारेला हात लावताना डावा हात पँटच्या खिशात घालायला लावतात. चुकलं की रागावत नाहीत, चष्मा काढतात, शर्टाला पुसतात आणि गप्प उभे राहतात. फार भीती वाटते तेव्हा त्यांची."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

डावा हात खिशात, हे मी शिकवायचो. वीज छातीतून आरपार जाऊ नये म्हणून. चष्म्याची सवयही माझीच.

म्हटलं, कागदावर माझं नाव पाहिलं असेल. बायकोला धीर द्यायला रचलं असेल. माझं वागणं कुणाकडून तरी ऐकलं असेल. पण कुणाकडून? त्याला जपानी येत नव्हतं, हे त्याच्यासोबत राहणाऱ्यांनीच जबाबात सांगितलं आहे. आणि १२ ऑगस्टला तो हॉल बंद होता. मी स्वतः मिरजेत, आईच्या उशाशी, तिच्या डोळ्यात थेंब घालत बसलो होतो.

पत्राच्या शेवटी जयमालाबाईंनी एकच प्रश्न विचारला होता.

"सर, तुम्ही त्यांना एवढं जीव तोडून शिकवलंत. मग त्यांचं नेमकं चुकलं कुठे?"

मी उत्तर लिहिलं : त्यांचं काहीच चुकलं नाही.

तेवढं खरं होतं. त्यांचं 'तुम्ही शिकवलंत' मात्र मी खोडून काढलं नाही. मी शिकवलं नाही, असं मला त्यांना सांगता आलं नाही.

आणि आता तर मलाच खात्रीनं सांगता येत नाही.