चार नंबर प्रेसवरचा दुसरा माणूस

आमचा हजेरीचा प्रोग्राम कोबोल या जुन्या संगणकभाषेतला, वय छत्तीस. मी त्याला म्हातारा म्हणते. चाकणच्या आमच्या फोर्जिंग कारखान्यात कुणी कुठल्या प्रेसवर उभं राहायचं, त्याची यादी तोच काढतो. आता गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसलं आणि त्याला यादी फक्त जेसनमध्ये लागते, म्हणजे माहिती नावानिशी मांडायच्या आजच्या पद्धतीत.

"विजयश्रीताई, सोमवारच्या पहिल्या शिफ्टपर्यंत म्हाताऱ्याला जेसन शिकवा, नाहीतर काढून टाकू," आमचा मॅनेजर रणजीत म्हणाला. मला रागच आला. पोटच्या पोरासारखा सांभाळलाय मी त्याला.

म्हाताऱ्याची एक खोड आहे. माणसं कितीही असोत, शिफ्टला चाळीस जागा तो धरतोच. छापील यादीत उरलेल्या ओळी कोऱ्या सुटायच्या, कुणाचं काही बिघडत नव्हतं. जेसनमध्ये मात्र त्या गाळाव्या लागतात. म्हणून शुक्रवारी दुपारी मी चाचणीची फाइल काढली. माणसं अडतीस, म्हणजे कोऱ्या जागा दोन हव्यात. निघाली एकच.

दुसरीत लिहिलं होतं: उद्धवराव, प्रेस चार.

उद्धवराव अकरा वर्षांपूर्वी वारले, तळेगावला, घरीच, झोपेत. फार गोड माणूस. दिवाळीला मला न चुकता चिवडा आणायचे. मूळ फाइलमध्ये त्यांचं नाव नाही, मी तीनदा शोधलं. प्रेस चार दोघांचं आहे: एकानं लाल लोखंड सांडशीनं धरायचं, दुसऱ्यानं पेडल दाबायचं. उद्धवराव गेल्यापासून त्यांचे जोडीदार कोंडाजी तिथं एकटेच असतात. जोडीदार देऊ केला की म्हणतात, "नको, जमतंय." आजवर त्यांना साधं खरचटलं नाही.

मी ती ओळ गाळली आणि शनिवारी पहिल्या शिफ्टला नवी यादी चालवून पाहिली.

दहा वाजता कोंडाजी माझ्या टेबलाशी आले. उजव्या हाताला पट्टी होती.

"ताई, यादीतून कुणाला काढलंत का?"

"का हो?"

"आज पेडल माझं मलाच दाबावं लागलं."

मी त्यांना खुर्ची पुढे केली.

"दोन बोटं थोडक्यात वाचली. रिटायर व्हायला माझी दोन वर्सं ऱ्हायलीत, ताई. त्यास्नी असू द्या की तिथं."

ते जाताच मी ती ओळ परत घातली.

"एक माणूस जास्त दिसतोय," रणजीत म्हणाला.

"दिसू दे. त्याशिवाय चालत नाही."

सोमवारी पावणेसातला मी गेटपाशी उभी होते. कोंडाजी आत गेले आणि थांबले. गेटचा दांडा पुन्हा एकदा फिरला. मग ते निवांत चालू लागले, जरा डावीकडे सरकून.

मी वर येऊन मशीनची नोंद उघडली. कोंडाजींचा चेहरा चौऱ्याण्णव टक्के जुळला होता.

उद्धवरावांचा शंभर. त्यांचा फोटो मशीनला कुणी दिलेलाच नव्हता.